ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं म्हणे!

‘ऊन-पाऊस गरीब-श्रीमंत बघत नाही. लहान शेतकरी मात्र हवामानबदलाच्या नावाने रडतो, मदतीचा पैसा लाटतो, नवं काही शिकत नाही. जगाचं ७० टक्के अन्न तो पिकवतो ही थाप आहे. जमीन विकून मोकळं व्हावं.’ हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. सोडून दिला असता. पण काल काकांनी पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमचंच चुकतंय का रे?’ उभी हयात कोरडवाहू रानात काढलेल्या माणसाला हे विचारावंसं वाटलं, म्हणून तिडीक आली.

ऊन सारखंच पडतं, मान्य. सोसायची ऐपत सारखी असते का? पावसाने ताण दिला की मोठा बागायतदार बोअर आणखी खोल नेतो. लहान शेतकरी जनावरं बाजारात नेतो, आणि तेव्हाच सगळे नेत असल्याने भाव पडलेले असतात. पुढच्या पेरणीला बैल नाही, बियाण्यासाठी सावकार. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा मार्च २०२४ चा अहवाल वाचा. २४ देशांतल्या लाखाहून अधिक ग्रामीण कुटुंबांची माहिती हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिलीय. उष्णतेने गरीब कुटुंबांचं उत्पन्न सुस्थितीतल्यांपेक्षा वर्षाला सरासरी ५ टक्के जास्त बुडतं, पुराने ४.४ टक्के. घरची कर्ती बाई असेल, तर कर्ता पुरुष असलेल्या घरापेक्षा उष्णतेचा फटका ८ टक्के जास्त. राबते ती, पण जमीन बहुधा तिच्या नावावर नसते. मग कर्ज कोण देणार? आता म्हणा, ऊन कुणाला बघत नाही!

पैसा लाटतात? २०१७-१८ मध्ये जगभरच्या हवामान-निधीतला, म्हणजे हवामानबदलाशी निगडित कामांसाठी दिलेल्या पैशातला, जेमतेम १.७ टक्के लहान उत्पादकांपर्यंत पोचला. लाटायला आधी यावा तर लागतो.

शिकत नाहीत म्हणे. ठिबकला भांडवल लागतं, आणि एक प्रयोग फसला तर वर्षाचं खाणं जातं. असो.

७० टक्क्यांचा आकडा मात्र फुगवलेला आहे, हे नाइलाजाने कबूल. आमच्याच बाजूचे लोक तो ठोकून देतात. दोन हेक्टरांखालच्या शेतांचा वाटा सुमारे ३५ टक्के. पण तेवढं पिकतं जगातल्या सुमारे १२ टक्के शेतजमिनीवर, हे फॉरवर्डवाल्याने सोयीने गाळलंय.

राहिलं जमीन विकणं. दुष्काळात काढलेल्या जमिनीला चढा भाव कोण देतो? घेतो तो, ज्याच्याकडे तेव्हाही रोकड असते. आणि विकणारा त्याच्याच बांधावर मजुरीला उभा राहतो.