बंबाचा धूर आणि पापडाचा डबा

दिवाळी आली की आम्हा भावंडांच्या ग्रुपवर फटाक्यांचं भांडण पेटतं. मी इंग्लंडात, लीड्समध्ये बसून वाचते. एकजण पुण्याच्या हवेचे आकडे टाकतो, दुसरा 'आमच्याच सणाला का?' म्हणतो. भाऊबीज झाली की सगळं शांत. धाप मात्र नारायण पेठेत आईला लागलेली असते, ती पाडव्यालाही आणि चैत्रातही.

आईनं कधी विडीला हात लावला नाही. पण माहेरी चूल, सासरी वाड्यात भुशाची शेगडी, आणि पहाटे आठ जणांच्या अंघोळीसाठी बंब. फुंकणीनं जाळ करताना धूर तिच्याच तोंडावर. संध्याकाळी डासांची कॉइल. एका कॉइलचे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असं 2003 सालच्या एका अभ्यासात मोजलंय. आम्ही ती उशाशी लावून झोपायचो!

कित्येक वर्षं 'वयाचं आहे' यावर भागलं. मग एका डॉक्टरांनी तिला मशिनच्या नळीत जोरात फुंकायला लावलं, औषध देऊन पुन्हा फुंकवलं. आकडा फारसा हलला नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार.

तोंडात औषधाचा फवारा मारायचा पंप मिळाला, तो पापडाच्या डब्यामागे गेला. शेजारच्या काकूंचं म्हणणं, "एकदा लागला की सुटत नाही." त्यामुळे आई रोजचा पंप जीव घाबरला तरच घेते, तोही आधी दाबून मग श्वास ओढत. औषध सगळं जिभेवर. औषध नीट आत जावं म्हणून पंपाला लावायचा पोकळ नळा, स्पेसर, तो खोक्यातच.

इकडे माझ्या शेजारच्या आजोबांचा पंप चहाच्या कपाशेजारी असतो. आठवड्यातून दोनदा ते व्यायामाला गेले, सहा आठवडे. खुर्चीतून ऊठबस, शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश श्वास सोडणं. फुप्फुसं होती तशीच आहेत, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ते न थांबता जातात.

इथलं सगळं छान, असंही नाही. इथे पहिला प्रश्न, किती वर्षं ओढत होता? आईला तो विचारला असता तर ती उठूनच आली असती. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी, लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत. म्हणजे आमच्याच गावाला हे आधी कळायला हवं होतं.

यंदा आकड्यांच्या मारामारीत मी मध्येच विचारलं, आईला अशा व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा फिजिओकडे कोण नेईल? सगळ्यांच्या, वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात.