मेजर, मायनर आणि चाकणची बस

एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हाला मॅनेजरियल अकाउंटिंग, ऑर्गनायझेशनल बिहेवियर (म्हणजे संस्थेत माणसं कशी वागतात ते), अर्थशास्त्र, रिसर्च मेथड्स आणि मार्केटिंगची तोंडओळख असे विषय होते. फायनान्शियल मॅनेजमेंट, एचआर आणि ऑपरेशन्स दुसऱ्या सेमिस्टरला. आणि स्पेशलायझेशन कशात करणार, हे सांगायची शेवटची तारीख पहिलं सेमिस्टर संपता संपता. म्हणजे शिकवायच्या आधी निवडायचं. "सर, विषय माहीतच नाही तर निवडायचा कसा?" असं एकानं विचारलं, तर सर म्हणाले, "माहीत नसतो तेव्हाच माणूस पूर्वग्रह न ठेवता निवडतो." सर ऑर्गनायझेशनल बिहेवियर शिकवायचे.

पर्याय पाच. मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन (म्हणजे उत्पादन आणि मालाची ने-आण), बिझनेस ॲनालिटिक्स (म्हणजे धंद्यातला डेटा). हे झाले मेजर. जोडीला हवं तर मायनर, त्यात आणखी रूरल अँड ॲग्रिबिझनेस, फार्मा-हेल्थकेअर, टूरिझम, इंटरनॅशनल बिझनेस. ही यादी मी कऱ्हाडला घरच्या ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत माझ्या आयुष्याचे पाच-सहा वेगवेगळे निकाल लागले.

बाबा म्हणाले, "बी.कॉम. झालीयेस ना? मग फायनान्स. त्यात विचार काय करायचाय?" बी.कॉम.ला मी का गेले, तर अकरावीत सायन्स मिळालं नव्हतं म्हणून. पण हा पुरावा बाबांनी कधीच दाखल करून घेतला नाही. आत्याचं म्हणणं, "मुलींना एचआर बरं पडतं. एसीत बसायचं आणि ऑफिसातली सगळी माणसं आपल्याला घाबरून असतात." उभं आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेल्या नानाकाकांनी टूरिझमला मत दिलं, "जरा हिंडून तरी होईल." आणि चुलतभाऊ म्हणाला, "पुढची दहा वर्षं डेटाची आहेत, लिहून ठेव." त्यानं याआधी हेच वाक्य इमूपालनाबद्दल म्हटलं होतं. तेही लिहून ठेवलेलं होतं.

मग कॉलेजनं ओरिएंटेशन ठेवलं. प्रत्येक विभागानं येऊन आपापला माल दाखवायचा. मार्केटिंगचे सर निरमापासून सुरू झाले. 1969, अहमदाबाद, करसनभाई पटेल, सायकलवर पावडरच्या पिशव्या, वगैरे. ऐकताना वाटलं, आपणही उद्यापासून सायकल काढावी. एचआरच्या मॅडमनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातला प्रयोग सांगितला. 1924 मध्ये तिथे उजेडाचा कामावर काय परिणाम होतो ते तपासायला घेतलं, तर दिवे वाढवले तरी काम वाढलं आणि कमी केले तरी वाढलं, कारण आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय हेच कामगारांना आवडलं. हे ऐकून कॉलेजनं दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिन्यातले दिवे बंद ठेवायला सुरुवात केली, असा मला अजून संशय आहे. ॲनालिटिक्सच्या सरांनी बिअर आणि डायपर एकत्र विकले जातात ही गोष्ट सांगितली. खरी की खोटी ते सांगितलं नाही. फायनान्सचे सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक्सेल उघडलं, आम्हाला एक शीट दाखवली आणि मिटलं. त्यांना गिऱ्हाईक शोधायची गरज नव्हती, निम्मा वर्ग तसाही त्यांचाच होता.

ऑपरेशन्सच्या सरांचं मात्र दुःख होतं. त्यांनी मुंबईचे डबेवाले सांगितले, टोयोटा सांगितली, एका वेळी किती माल मागवावा याचं फोर्ड हॅरिसनं 1913 मध्ये मांडलेलं सूत्र फळ्यावर वर्गमूळासकट लिहिलं. वर्गमूळ दिसताच मागच्या दोन रांगा मार्केटिंगला गेल्या.

खरं ज्ञान कँटीनमध्ये मिळतं. सीनियर मुलांना "विषय कसा आहे?" असं विचारलं तर ती आपल्याकडे दयेनं बघतात. ती पॅकेजचंसुद्धा बोलत नाहीत. ती रस्त्याचं बोलतात. पुण्यात स्पेशलायझेशन म्हणजे पुढची काही वर्षं आपण कुठल्या सिग्नलला उभे राहणार, एवढाच प्रश्न असतो. फायनान्स घेतलंत तर खराडी, तिथे परदेशी बँकांची मागची कामं चालतात. ॲनालिटिक्स म्हणजे हिंजवडी. हिंजवडीबद्दल एका सीनियरनं फक्त हात जोडले. मार्केटिंगवाल्याला एक दिशा नसते, टार्गेट असतं. तो मेमध्ये दुपारी दोन वाजता हडपसरच्या कुठल्यातरी डीलरच्या दारात हेल्मेट काढत असतो. एचआरवाला मात्र कुठेही असो, पोर्टलवरच्या उमेदवारांना फोन करून "आपण सध्या जॉब चेंजसाठी बघताय का?" असं विचारत असतो, आणि सोमवारी हो म्हणून गुरुवारी फोन न उचलणाऱ्या माणसांबद्दल त्याच्या मनात जे साठतं ते मास्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मांडलेल्या माणसाच्या गरजांच्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. ऑपरेशन्स म्हणजे चाकण, नाहीतर रांजणगाव. शिफ्ट. सेफ्टी शूज. आणि कंपनीची बस.

बस हा शब्द मी तिथेच मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

तरी शिकलेल्या गोष्टींचा उपयोग करावा म्हणून रात्री एक्सेलमध्ये तक्ता केला. आवड, पगार, नोकरीची शक्यता, घरचे काय म्हणतील, असे निकष, प्रत्येकाला वजन, मग गुणाकार, बेरीज. पहिल्या फेरीत फायनान्स आलं. ते मला नको होतं, हे फायनान्स आल्यावर कळलं. म्हणून 'आवड'चं वजन वाढवलं. मार्केटिंग आलं. 'ऊन' असा नवा निकष घातला. एचआर आलं. 'आत्या बरोबर ठरेल' हा निकष उणे वजनानं घातला. शेजारच्या कॉटवरून प्राजक्ता म्हणाली, "अगं, तुला काय यायला हवंय ते सांग, मी तसे आकडे घालून देते." ही मुलगी पुढे सल्लागार कंपनीत जाणार हे तेव्हाच स्पष्ट होतं.

फार पर्याय असले की माणूस गोठतो, हे आम्हाला शिकवलं होतं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 2000 मध्ये छापलेला जॅमचा प्रयोग. दुकानात 24 जॅम मांडले तर चव घ्यायला थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी विकत घेतला. 6 मांडले तर 30 टक्क्यांनी. आमच्यापुढे पाचच बरण्या होत्या, तरी मी दुकानातच उभी. फरक इतकाच की जॅमवाल्यांना न घेता घरी जायची मुभा होती.

वाचता वाचता एक भलताच शोध लागला. हार्वर्डला 1908 पासून हे शिकवतात आणि तिथल्या एमबीएला स्पेशलायझेशन असा प्रकारच नाही. सगळे जनरल मॅनेजमेंट शिकून बाहेर पडतात. मी उत्साहानं बाबांना फोन केला, "बाबा, हार्वर्डला हे निवडायलाच लागत नाही!" बाबा शांतपणे म्हणाले, "मग तिथेच घ्यायची होतीस ॲडमिशन."

इकडे वर्गात निवडणूक लागली होती. पुरेशी मुलं मिळाली नाहीत तर त्या वर्षी ते स्पेशलायझेशन चालवणार नाही, अशी नोटीस लागली आणि ऑपरेशन्सवाल्यांचं धाबं दणाणलं. सगळे मेकॅनिकलवाले इंजिनिअर, त्यांना दुसरं काही घ्यायचंच नव्हतं आणि संख्या भरत नव्हती. ते बाकांबाकांवरून हिंडायला लागले. "तुझं फिक्स झालंय का?" असा हळू आवाज, खांद्यावर हात. एकाला वडापाव मिळाला, एकाला मिसळ. मला प्रोजेक्टचं अर्धं काम करून देण्याचा शब्द मिळाला. मार्केटिंगचा एक गट फुटून ऑपरेशन्सला येणार अशी बातमी दुपारी आली आणि चार वाजेपर्यंत तो गट परत गेला होता. मतदानाआधी प्रचार संपायला हवा वगैरे आचारसंहिता कुणी पाळली नाही. ऑपरेशन्सचे सर स्वतः मात्र कुणाला काही म्हणाले नाहीत, फक्त कॉरिडॉरमध्ये भेटलं की जरा जास्त वेळ हसायचे.

हर्बर्ट सायमनला 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं साधारण असं, की माणसं सर्वोत्तम शोधतच नाहीत. आपल्या लेखी पुरेसं बरं असलेलं पहिलं काही दिसलं की थांबतात. मी फॉर्म उघडला. माझ्या लेखी पुरेसं बरं काय, तर सकाळी खिडकीशेजारची सीट, कोथरूडपासून चाकणपर्यंत झोप, आणि गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची. मेजर: ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन. मायनर: ॲनालिटिक्स, चुलतभावाला एकदा तरी बरोबर ठरू द्यावं म्हणून.

संख्या भरली. सरांनी वर्गमूळ नसलेलं पहिलं लेक्चर घेतलं.

घरी कळवलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हरकत नाही. फक्त एक अडचण झालीय, आईनं तुझा बायोडेटा टाइप करायला दिला होता." मी विचारलं, त्यात काय लिहिलंय? मागून आईचा आवाज आला, "एमबीए लिहिलंय. पुढे कंस मोकळा ठेवलाय. स्थळ बघून भरू."