फक्त टायर बदलायचे होते

जुनी माउंटन बाईक रोज ऑफिसला न्यायचं ठरलं, तेव्हा कामांची यादी एका ओळीची होती: गाठी-गाठींचे जाड टायर काढून गुळगुळीत टायर घालायचे. डोंगरासाठी बनवलेले ते टायर डांबरी रस्त्यावर असे घोंगावतात की पुढचा माणूस ट्रक आला समजून बाजूला होतो. मग मागे वळून मला बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरते, ती रोज सकाळी सोसवत नाही.

जुन्या टायरवर लिहिलं होतं २६ × १.७५. आता १.७५ म्हणजे पावणेदोन, हे आपण शाळेत घोकलेलं. सायकलच्या जगाला ते मान्य नाही. २६ × १.७५चा टायर बसतो ५५९ मिलिमीटरच्या रिमवर आणि २६ × १¾चा ५७१च्या रिमवर. २६ × १⅜ आणलात तर त्याला ५९०ची रिम लागते. आणि हे तिघेही सव्वीस इंचीच! मुळात तो आकडा फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही ढोबळ. पुढे टायर जाडे-बारीक होत गेले, आकडा मात्र खुर्ची सोडायला तयार नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५५९ छापलेलं असतं, तेवढं खरं धरायचं. बाकी सगळं ललित साहित्य.

नवे टायर बसले. सायकल शांत झाली आणि तिथेच घात झाला. इतकी वर्षं त्या घोंगावण्याखाली दबलेले बाकीचे आवाज आता एकेक करून तक्रार नोंदवायला पुढे आले.

पहिली चेन. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की चेन बदलायची. एक सूत वाढेपर्यंत थांबलात, तर तिने मागचे दातेही खाल्लेले असतात. आमची एक सूत ओलांडून निवांत पुढे गेली होती. “फक्त चेन बदला,” मी म्हटलं. मेकॅनिककाकांनी पट्टी खिशात घातली. “बदलतो की. पण जुने दाते नव्या चेनला उभं करायचे नाहीत, साहेब. जोर लावला की सटकणार.”

म्हणजे ते मागचे दाते ज्याच्यावर असतात, ते फ्रीव्हील आलं. हे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसतं आणि पॅडल मारू तसं आणखी आवळत जातं. चढावर दात-ओठ खाऊन आजवर जेवढा जोर लावला, तो सगळा तिथे व्याजासकट जमा होता. काकांनी खोलायचं अवजार व्हाइसमध्ये पकडलं, त्यावर चाक आडवं बसवलं आणि आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून ते बसच्या स्टिअरिंगसारखं उलट्या दिशेला ओढायला लागलो. चाक हलेना. व्हाइससकट टेबल मात्र हललं. मग ‘कट्ट’ असा आवाज आला. दोघांनीही आधी आपापली मनगटं तपासली. मग कळलं, फ्रीव्हील सुटलंय.

तसं बघितलं तर माउंटन बाईकची जातच अशी. १९७६ साली कॅलिफोर्नियात काही मंडळी जुन्या दणकट सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावायला लागली. मागचा ब्रेक हबच्या आत. एका उतारातच तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा भरावा लागायचा. त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. जिच्या घराण्याचा श्रीगणेशाच दुरुस्तीने झाला, तिच्याकडून मी बिनदेखभालीची अपेक्षा धरून बसलो होतो.

ब्रेकची गोष्ट तर विचारूच नका. (विचारलं नाहीत तरी सांगणार आहे.) जुने कँटिलिव्हर ब्रेक किंचाळायचे, थांबवायचे मात्र सवडीने. म्हणून व्ही-ब्रेक घ्यायचे ठरले. पण व्ही-ब्रेकला केबल जवळपास दुप्पट ओढावी लागते. जुना लिव्हर तेवढी ओढत नाही, मुठीला जाऊन टेकतो. म्हणजे लिव्हर नवे. लिव्हर आणि गिअरचा खटका एकाच अंगात, म्हणजे खटकेही नवे. खटके नवे म्हणून केबल नव्या. हँडलवर जुनी उरली ती घंटी. तिच्याकडे काकांची नजर गेली, तेव्हा मी तिच्यावर हात ठेवला.

“यापेक्षा नवीनच घेतली असती,” असं घरी आता कोणी म्हणत नाही. नवीनच आहे, फक्त हप्त्याहप्त्याने येतेय, हे सगळ्यांच्या लक्षात आलंय.

आता राहिले मडगार्ड. ते लावायला फोर्कला भोकं लागतात आणि आमच्या शॉकअपवाल्या फोर्कला ती नाहीत. डोंगरावर जाणाऱ्याने चिखलाला नाही म्हणायचं नसतं, असा बनवणाऱ्याचा विचार असावा. मागे फ्रेमला भोकं आहेत, पण त्यातल्या एकात स्क्रू अर्धा तुटून बसलाय. भोकं नसली तर नळीभोवती आवळायचे क्लॅम्प मिळतात. ते मागवलेत; परवा येतील म्हणतात.

पाऊस आजच आला. ऑफिसात शिरलो, तर कमरेपासून मानेपर्यंत गेलेली चिखलाची रेघ बघून शेजारच्या टेबलवरच्याने कौतुकाने विचारलं, “काय रे, सकाळी सकाळी डोंगरावर गेला होतास?”

मी हो म्हटलं.