ड्रॉपडाउनमध्ये आत्या नाही

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी साडेसातला फोन आला. मी भेंडी चिरत होते. मिरजेत तेव्हा सकाळचे सहा, आणि त्या वेळी तिकडून आलेला फोन उचलायच्या आधीच काय ते कळतं. आत्या गेली होती. झोपेतच गेली म्हणे. चुलतभाऊ एवढंच बोलला आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ नुसते फोन धरून बसलो.

साडेअकराला तिला कृष्णाघाटावर नेलं. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचा एक. भावाने कुणाच्या तरी हातात फोन देऊन व्हिडिओ चालू ठेवला होता. धरणाऱ्याचा हात अवघडला की फोन खाली यायचा आणि मला लोकांच्या चपला दिसायच्या. तासाभरात आत्याचा चेहरा दहाबारा सेकंदच नीट दिसला असेल. चपला मात्र सगळ्या आठवतात.

"जाता आलं नाही का गं?" हे गेल्या दोन महिन्यांत इतक्या जणांनी विचारलंय की एकदा लिहूनच टाकते. जाता आलं असतं. परत येता आलं नसतं. माझा एच-वन-बी, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, चालू आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. इथे राहायला, काम करायला तो शिक्का लागत नाही. बाहेर पडून पुन्हा आत यायचं तर लागतो, आणि त्यासाठी भारतात जाऊन मुलाखत द्यावी लागते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली माझी मुंबईची तारीख ठरली होती. तिकिटं काढली होती, आत्यासाठी गुडघ्याचे पट्टे घेऊन ठेवले होते. मग १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-फोर वाल्यांची सोशल मीडियाची खाती तपासायचं फर्मान निघालं, रोजच्या मुलाखती कमी झाल्या, आणि ढीगभर लोकांच्या तारखा एकेका ईमेलने कित्येक महिने पुढे गेल्या. माझीही गेली. जे आधीच तिकडे पोचले होते ते अडकले. इथे पोरांच्या शाळा आणि घराचे हप्ते चालू, आणि आई किंवा बाप नागपूर-नाशकात माहेरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून रात्रपाळी करतोय, अशी दोन घरं तर मीच ओळखते.

वकील म्हणाली, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण परत कधी याल ते मला सांगता येणार नाही.

"एवढं आहे तर भारतात परत या" असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी कृपया रांगेत यावं, सगळ्यात पुढे माझ्या सासूबाई आहेत. आणि "इतकी वर्षं राहून ग्रीन कार्ड कसं नाही" विचारणाऱ्यांसाठी: नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलंड असो की भारत. १९९० सालच्या कायद्यातलं हे गणित. पुढचं तुम्ही करा.

नवरा माझ्याशेजारी रात्रभर बसला होता, सकाळी सहाचा कॉल असूनही. तोही म्हणाला, जाऊ नकोस. त्याचं काम कंत्राटी आहे, घरातल्या चौघांचा आरोग्य विमा माझ्या नोकरीवर आहे, आणि धाकट्याला दमा आहे. विमा नोकरीला का बांधलेला, याची गोष्ट मला पूर्वी गमतीची वाटायची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. पगार वाढवता येईना म्हणून माणसं टिकवायला कंपन्यांनी विम्यासारख्या सवलती द्यायचा सपाटा लावला. युद्ध संपलं, व्यवस्था राहिली. ऐंशी वर्षांनंतर मिरजेतल्या एका बाईच्या अंत्यदर्शनाशी तिचा संबंध येईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार होतं!

बुधवारी सकाळी ऑफिसचं पोर्टल उघडलं. कुठे जायचं नव्हतं, नुसतं घरी पडून राहायचं होतं. बिरीव्हमेंट लीव्ह, म्हणजे मयतीची रजा. खाली नात्यांची यादी. जोडीदार, अपत्य, आई-वडील: पाच दिवस. भावंड, आजी-आजोबा, सासू-सासरे: तीन दिवस. सगळ्यात शेवटी "इतर". "इतर" निवडलं की दिवसांच्या चौकटीत आपोआप शून्य येतं.

वर जाऊन "आई-वडील" निवडलं असतं तर कोण तपासणार होतं? आणि ते फारसं खोटंही नव्हतं. बाबांची पाटबंधारे खात्यातली बदलीची नोकरी, आई त्यांच्यासोबत गावोगाव, म्हणून चौथ्या वर्षापासून बारावीपर्यंत मी आत्याकडे. सतारमेकर गल्लीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. दुपारी शाळेतून आलं की कुणीतरी तारा जुळवत बसलेलं ऐकू यायचं, तेच तेच चार सूर तासन् तास. आत्या दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आली की माझी वेणी घालायची आणि मग झोपायची. माझी पहिली पाळी, बारावीची फी, अमेरिकेचं तिकीट, सगळं तिने निभावलं.

पण त्या रकान्यात नाव आणि मृत्यूची तारीख भरायची होती. माझी आई जिवंत आहे. त्या क्षणी ती नणंदेच्या रिकाम्या पलंगाशेजारी बसली होती. मांजर आडवं गेलं तरी न थांबणारी बाई मी, माझा हात माउसवर थांबला. अर्ज तसाच सोडला.

मग, अमेरिकेत राहून जी सवय लागते त्याप्रमाणे, रडायच्या ऐवजी कायदा वाचत बसले. मयतीची रजा दिलीच पाहिजे असं इथला फेडरल कायदा म्हणत नाही, पगारी नाही आणि बिनपगारीही नाही. काही राज्यांनी आपापलं पाहिलं. ओरेगनने २०१४ पासून ही रजा दिली, कॅलिफोर्नियाने २०२३ पासून पाच दिवस. कॅलिफोर्नियाच्या यादीत भावंडं, नातवंडं, सासू-सासरे आहेत. आत्या, मावशी, काका, मामा नाहीत.

आजारपणाचा कायदा वेगळा. १९९३ सालचा, क्लिंटन निवडून आल्यावर ज्या पहिल्या कायद्यांवर सह्या झाल्या त्यातला. जवळच्या माणसाच्या गंभीर आजारात १२ आठवडे बिनपगारी रजा, नोकरी शाबूत. त्यात सासू-सासरे बसत नाहीत, हे वाचून आमच्या घरात थोडा वेळ शांतता होती. पण लहानपणी ज्याने आई-वडिलांच्या जागी राहून सांभाळ केला ते माणूस बसतं. न्यू जर्सीने तर २०१९ मध्ये आपला राज्याचा कायदा रुंदावून लिहून ठेवलंय की ज्याच्याशी कुटुंबासारखं घट्ट नातं आहे असं कुणीही चालेल, रक्ताचं असो-नसो. म्हणजे आत्या अंथरुणाला खिळली असती तर मला १२ आठवडे मागता आले असते. ती झोपेत, कुणालाही त्रास न देता गेली, म्हणून शून्य. तिच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

माझी मॅनेजर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ती म्हणाली, पोर्टलमध्ये काही भरू नकोस, लॅपटॉप बंद कर, मी बघते. तिलाही आजीनेच वाढवलंय. फार बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी रागही आला. मॅनेजर चांगली निघाली म्हणून मला दोन दिवस मिळाले. आमच्याच मजल्यावर तासावारी काम करणारा मुलगा आहे, त्याचा काका ऑक्टोबरात गेला तेव्हा तो दुपारी कामावर होता. इथली माणुसकी बहुतेक वेळा वहीत न लिहिता चालते, आणि वहीत नसलेली गोष्ट मागता येत नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधला एक साठी ओलांडलेला सहकारी समोर येऊन बसला. नऊ वर्षं एकत्र काम करतोय, बोलणं हवामान आणि बागकामापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्याने विचारलं, कोण होत्या त्या तुझ्या? मी "आंट" म्हणाले, आणि आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना एकाच गोणीत भरणाऱ्या त्या शब्दाने समाधान होईना म्हणून पुढे बोलत राहिले. दोन खोल्या, वेणी, तारा जुळवणारा माणूस. तो ऐकत होता. म्हणाला, म्हणजे तुझं माणूस होतं ते. आपण "आपलं माणूस" म्हणतो ना, नपुंसकलिंगात, अगदी तेच.

मग त्याने त्याचं सांगितलं. १९९४, न्यूयॉर्क. त्या वर्षांत अमेरिकेत २५ ते ४४ वयाच्या माणसांचा सगळ्यात मोठा मारेकरी एड्स होता. त्याचा जोडीदार गेला, आठ वर्षं एकत्र राहिल्यावर. ऑफिसात त्याने सांगितलं की रूममेट वारला. साहेबाने एक दुपार सुट्टी दिली. मृताचे आई-वडील दुसऱ्या राज्यातून आले, अंत्यविधी त्यांनी उरकला, याला मागच्या रांगेत बसवलं. जाताना सोफा आणि पुस्तकं घेऊन गेले. हे तो भाजीचा दर सांगावा तसं सांगत होता.

घर मात्र राहिलं, म्हणाला. ते ज्या निकालामुळे राहिलं त्याचं नाव त्याला अजून पाठ आहे: ब्राशी. मॅनहॅटनमधल्या भाडेनियंत्रित घरात मिगेल ब्राशी आणि लेस्ली ब्लँचर्ड दहा वर्षांहून जास्त एकत्र राहिले. भाडेकरार ब्लँचर्डच्या नावावर. १९८६ मध्ये तो वारला आणि घरमालकाने ब्राशीला बाहेर काढायला घेतलं. नियम असा, की भाडेकरू गेल्यावर मागे राहिलेल्या जोडीदाराला किंवा "कुटुंबातल्या" माणसाला काढता येत नाही. प्रश्न एकच, ब्राशी कुटुंब आहे का? १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टाने सांगितलं, आहे. कुटुंब लग्नाच्या दाखल्यावरून ठरवू नका. माणसं कशी राहिली, किती वर्षं राहिली, पैसे आणि दुखणीखुपणी कशी वाटून घेतली ते बघा. समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळायला त्यानंतर २०१५ उजाडलं. आणि तोही निकाल फिरवा म्हणून केंटकीतली एक माजी अधिकारी कोर्टात गेली होती. गेल्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने तिचा अर्ज ऐकायला नकार दिला. त्या दिवशी याने ऑफिसात डोनट्स वाटले होते. आम्ही सगळ्यांनी खाल्ले, कशाचे म्हणून कुणीच विचारलं नाही.

इथवर वाचून "बघा, अमेरिकेत नात्यांना किंमतच नाही" असं म्हणायची तयारी असेल तर थांबा. त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर शनिवारच्या हळदीकुंकवाचं ठरत होतं. मी कळवलं, आत्या गेली, येत नाही. पहिलं उत्तर: "ओह, सो सॉरी. सख्खी का?" दुसरं: "आत्याचं सुतक तुला नसतं ना? मग यायला काय हरकत आहे?" सासूबाईंनी पुण्याहून शिक्कामोर्तब केलं, तू आता आमच्या घरची, तुला फार तर अंघोळ. म्हणजे शास्त्राच्या ड्रॉपडाउनमध्येही माझ्यासाठी शून्यच दिवस. कंपनीने निदान पोर्टल तरी चांगलं बनवलंय.

आणि हळदीकुंकू! आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. संक्रांतीच्या दिवसांत गल्लीतल्या बायका आमच्याकडे यायच्या तेव्हा वाण लुटायला आजी बसायची आणि आत्या आतल्या खोलीत कपबशा विसळायची. मी मधल्या दारात. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. मिरजेपासून हेरवाड काही लांब नाही. मी बातमी पाठवली तर आत्याचा निरोप आला, "वाचलं. बांगड्या आता हातात चढत नाहीत."

शनिवारी गेले नाही. ग्रुपवर ताप आलाय म्हणून टाकलं.

मागच्या रविवारी भावाने तिची ट्रंक उघडली. दोन नऊवारी, नर्सिंगचं प्रमाणपत्र, माझी पत्रं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत मुदत ठेवीच्या पावत्या. वारसनोंदीच्या फॉर्मचा फोटो त्याने पाठवला. त्यावर माझं नाव आहे, तिच्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात. खाली "खातेदाराशी नाते" हा रकाना. तिथे तिने लिहिलं होतं "मुलगी". ते कुणीतरी लाल पेनाने खोडून वर "भाची" केलंय, आणि बाजूला आत्याची छोटी सही घेतलीय, दुरुस्ती मान्य म्हणून.

बँकेचं म्हणणं, नॉमिनीने मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष यावं. माझी नवी तारीख ऑगस्टमधली आहे.