"नवीन पोरांना जुनंच व्हर्जन का देता?" या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. राग आला नाही, उलट बरं वाटलं की कुणीतरी मुद्द्याचं भांडायलंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादांचं म्हणणं असं, की आम्ही परभणीत दर रविवारी लोकांच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही फुकट सिस्टीम, टाकून द्यायला बसतो तिथं नवीन आलेल्याला सरसकट एलटीएसच, म्हणजे लांब मुदतीचं, वर्षानुवर्षं अपडेट मिळणारं व्हर्जनच टाकून देतो, त्याच्यापुढचं व्हर्जन आलंय हे सांगतसुद्धा नाही, म्हणजे विंडोजच्या खुंटीवरून सोडायचं आणि आपल्या खुंटीला बांधायचं. वर जुन्या कर्नलमुळं (सिस्टीमचा गाभा, लॅपटॉपचे भाग चालवतो तो) नव्या लॅपटॉपचं वायफाय लागत नाही. आणि शेवटी, "नऊ महिन्यांनी अपग्रेडचं एक बटण दाबायला काय जातंय?"

त्या बटणापासूनच सुरू करते, कारण माझं-तुमचं जमत नाही ते तिथंच.

२०२४ च्या डिसेंबरात गंगाखेडच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी आली होती, बीएस्सीला, लॅपटॉप मामाचा वापरलेला, ४ जीबी रॅम, बॅटरी मेलेली. त्या दिवशी गर्दी लई होती आणि आमच्यातल्या एकानं तिला उबुंटू २४.१० टाकून दिलं, हिशोब साधा, आमच्या नेहमीच्या एलटीएसपेक्षा, म्हणजे २४.०४ पेक्षा आकडा मोठा म्हणजे चांगलंच असणार. मी शेजारी बसले होते, बघितलं आणि बोलले नाही, ती चूक माझी. उबुंटूचा आकडा म्हणजे साल आणि महिना, २४.१० म्हणजे ऑक्टोबर २०२४, आणि अशा मधल्या व्हर्जनला अपडेट मिळतात ते नऊच महिने. जुलै २०२५ ला ते बंद झाले. तिला कोण सांगणार? इंग्रजीतली चौकट आली असेल तरी तिनं ती बंदच केली असणार, सगळेच करतात.

ऑगस्टात कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कंपायलर (प्रोग्रॅम लिहून चालवायला लागतो तो) टाकायला गेली तर ४०४ नॉट फाउंड, ओळीवर ओळ तेच. तिला वाटलं नेटपॅक संपला, रिचार्ज मारला, तरी तेच, मग भावाचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलं आणि त्याच्यावरही पैसे घातले. मग मला फोन. झालं होतं काय, तर मुदत संपली की त्या व्हर्जनची पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइली, नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्या व्हर्जनांच्या वेगळ्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात, आणि लॅपटॉप आपला आधीच्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. लॅपटॉपमधल्या एका फाइलीतला तो पत्ता बदलला की काम झालं, समोर असते तर दोन मिनिटं लागली असती. पण तिच्या घरी रेंज फक्त माळवदावर, आणि लॅपटॉप खाली बोर्डाला लावलेला. मी सांगायचे, "ओल्ड, मग बारकी आडवी रेघ, मग रिलीजेस", ती खाली उतरून टाइप करायची आणि परत वर येऊन म्हणायची, "ताई, अजून लाल अक्षरंच यायलीत." पाऊण तास ती लेकरू जिन्यानं वर-खाली करत होती.

आता तिला तुमचं बटण द्या. २४.१० वरून २५.०४, तिथून २५.१०, मधली पायरी गाळता येत नाही, दर खेपेला जीबीच्या हिशोबात डाउनलोड, आणि नेट म्हणजे मोबाइलचा दिवसाला दीड जीबीचा पॅक. मध्येच लाइट गेली तर बॅटरी नाहीच, पॅकेजेस अर्धी नवी अर्धी जुनी, आणि सकाळी मशीन चालूच होईना म्हणून फोन. शहरात इन्व्हर्टर आणि फायबर असलेल्या माणसाला हे पटकन ध्यानात येत नाही, मलाही आलं नव्हतं. एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं, मुख्य उबुंटूला पाच वर्षं अपडेट मिळतात, आणि एका एलटीएसवरून थेट पुढच्या एलटीएसवर जाता येतं. तिच्यासारखीला हा फरक म्हणजे अख्खी डिग्री एका इन्स्टॉलवर निघते एवढा आहे.

वायफायचं मात्र तुमचं खरंय. आमच्याकडची पेनड्राइव्ह एप्रिल २०२४ ची होती, कर्नल ६.८, आणि वर्षभर आम्ही तीच फिरवली, त्यामुळं नवे लॅपटॉप घेऊन आलेल्या दोघा-तिघांना वायफाय दिसेना आणि ते हात हलवत परत गेले, त्याचं वाईट वाटतं. पण त्याला उपाय २५.०४ नव्हता. त्याच २४.०४ ची तिसरी सुधारित आवृत्ती, २४.०४.३, ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात कर्नल ६.१४ आहे. एलटीएस म्हणजे कर्नलही जुनाच राहणार असं नसतं. आता पेनड्राइव्ह नवीन केलीय.

"सरसकट" हा शब्दही मान्य, पण आता तसं राहिलं नाही. झुबुंटू, म्हणजे उबुंटूचंच हलकं रूप, त्यालाही एलटीएसच म्हणतात पण त्याला तीनच वर्षं मिळतात, म्हणून ४ जीबीवाल्याला आम्ही मिंट २२ (उबुंटूवर उभी असलेली दुसरी लिनक्स) चं एक्सएफसीई हे हलकं रूप देतो, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून येणारे लई वाढलेत, आणि त्यात कुणाची टायपिंगची परीक्षा तोंडावर असेल आणि क्लासचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर त्याच्या विंडोजला आम्ही हात लावत नाही, परीक्षा होऊ द्या मग बघू.

राहिलं स्वातंत्र्य. दादा, नवखा माणूस आमच्याकडून नुसतं व्हर्जन नेत नाही, बिघडल्यावर फोन उचलणारा माणूस पण नेतो. आम्ही सहा जण, सगळ्यांची नोकरी-दुकान, कुणाची शेती. आमच्याकडून नेलेल्या जवळपास सगळ्या मशीनवर २४.०४ किंवा त्याच्यावरच उभं असलेलं मिंट आहे, म्हणून एकाला आलेली अडचण दुसऱ्यानं आधी बघितलेली असते. त्या मुलीला नंतर मिंट टाकून दिलं, आणि मागच्या महिन्यात पालमच्या एका पोराचा प्रिंटर लागेना तर तिनंच फोनवर लावून दिला, कारण त्याच्या स्क्रीनवर जे होतं तेच तिच्यासमोर होतं. त्याच्याकडं आर्च ही वेगळीच लिनक्स असती तर तिनं काय सांगितलं असतं? माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर फेडोरा ही आणखी एक लिनक्स आहे, तिच्या व्हर्जनची तेरा महिन्यांनी मुदत संपते, मला परवडतं कारण बिघडलं तर मी स्वतः निस्तरते. ज्यानं एकदा बॅकअप घेऊन आपल्या हातानं इन्स्टॉल केलंय त्याला हवं ते व्हर्जन आम्ही आनंदानं टाकून देतो. पण नवीन व्हर्जन आहे हे पहिल्या दिवशी सांगायला हवं हे तुमचं पटलं. इथून पुढं मुदतीचं साल लॅपटॉपच्या खाली चिठ्ठीवर मराठीत लिहून चिकटवणार आहोत.

तुमच्या ज्या भाच्याचं वायफाय लागलं नाही म्हणालात, त्याच्या लॅपटॉपचं मॉडेल इथंच लिहा. येत्या रविवारी दहानंतर आम्ही वसमत रोडलाच आहोत, त्याला पाठवा, आणि येताना यूएसबीची केबल आणायला सांगा, वायफाय नाहीच लागलं तर तोवर मोबाइलवरून नेट देता येईल.