ऑस्ट्रेलियातील सशांच्या लेखावरील आक्षेपांना उत्तर

स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातील सशांवरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिची बोळवण दोन ओळींत करणे बरे दिसले नसते, म्हणून हे स्वतंत्र उत्तर लिहीत आहे. मूळ लेख ज्यांच्या वाचनात आलेला नाही त्यांच्यासाठी त्यातील मुद्दा थोडक्यात सांगतो. जोएल आल्व्हेस, फ्रान्सिस जिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६५ ते २०१८ या काळात गोळा झालेल्या १८७ सशांच्या जनुकांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर पसरलेले जवळजवळ सगळे ससे एकाच आयातीचे वंशज आहेत आणि ती आयात म्हणजे १८५९ साली जमीनदार थॉमस ऑस्टिन याने व्हिक्टोरियातील बारवन पार्क येथे सोडलेले ससे होत, असा त्याचा निष्कर्ष होता. येथे ससा म्हणजे बिळात वसाहत करून राहणारा युरोपीय ससा. आपल्या शिवारात झुडपाआड दबा धरून बसतो तो ससा वेगळ्या वंशातला आहे आणि त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

आपले आक्षेप मला समजले ते असे. सशांना रान मोकळे मिळाले ते मेंढपाळांनी तयार केलेल्या कुरणांमुळे आणि डिंगो कुत्र्यांच्या कत्तलीमुळे. त्याचे श्रेय, लेखात केले तसे, ऑस्टिनच्या सशांच्या जनुकांना देणे म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून कारण चिकटवणे होय. दुसरे असे की, लेखात म्हटल्याप्रमाणे हा वंश पाचच माद्यांपासून वाढला असेल तर निकट नात्यातील संकराने तो खंगायला हवा होता. म्हणजे पूर्वज मोजकेच होते आणि वंश खंडभर फोफावला, ही लेखातील दोन विधाने एकमेकांना छेद देतात. एका मृत जमीनदाराच्या डोक्यावर खंडभराच्या नुकसानीचे खापर फोडण्यालाही आपला विरोध आहे. आणि शेवटी, हे सारे कळून शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, असे आपण विचारले आहे.

संकराचा आक्षेप आधी घेतो, कारण तो गणिताने तपासता येतो. पाच हा आकडा तंतुकणिकांमधील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांमधील) डीएनएवरून आलेला आहे. हा डीएनए केवळ आईकडून मिळतो, त्यामुळे त्यावरून मूळ माद्यांचा अंदाज बांधता येतो; नरांनी आणलेली जनुके त्यात मोजली जात नाहीत. ऑस्टिन कुटुंबाकडून आलेल्या हकिकतीनुसार थॉमसच्या भावाला इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या बॉल्टन्सबरो या त्यांच्या गावी खटपट करूनही रानटी सशांची सहाच पिल्ले मिळाली, म्हणून गावकऱ्यांनी खुराड्यात पाळलेले सात करडे ससे घेऊन त्याने संख्या पुरी केली. ‘लायटनिंग’ या जहाजावर प्रवासातच त्यांची वीण झाली आणि १८५९ च्या नाताळच्या दिवशी मेलबर्नला २४ ससे उतरले.

आता हिशेब पाहू. तेरा ससे म्हणजे प्रत्येक जनुकाच्या २६ प्रती. लोकसंख्या जनुकशास्त्रातील साध्या सूत्राप्रमाणे अशा एका पिढीत जनुकीय विविधतेचा सव्विसावा भाग, म्हणजे सुमारे ४ टक्के, गळतो. यांतली काही भावंडे असतील असे मानून जनुकांच्या दृष्टीने मोजायची, म्हणजे परिणामकारक, संख्या सहाच धरली, तरी गळती ८ टक्क्यांच्या आसपास राहते. हानी मोठी होते ती संख्या दीर्घकाळ लहान राहिली तर. वीस पिढ्या तेराच ससे राहिले असते तर निम्म्याहून अधिक विविधता संपली असती. बारवन पार्कमध्ये असे काही झालेच नाही. सशीण महिनाभरात विते आणि वर्षातून अनेकदा विते. काही वर्षांतच तेथे हजारो ससे झाले आणि १८६७ साली इंग्लंडचा राजपुत्र आल्फ्रेड तेथे सशांची शिकार करून गेला. चिंचोळ्या वाटेतून हा वंश गेला खरा, पण त्या वाटेत तो थांबला नाही.

याचा अर्थ काहीच गमावले नाही, असा मात्र नाही. मिश्र बियाण्याच्या पोत्यातून एक मूठ काढली तर मुख्य वाणांचे दाणे हाती येतातच, विरळ वाण मात्र बहुधा पोत्यातच राहतात. सॉमरसेटमध्ये जनुकाची एखादी आवृत्ती शंभरात दोन या प्रमाणात असेल, तर २६ प्रतींमध्ये तिचा मागमूसही नसण्याची शक्यता ५९ टक्के निघते. म्हणजे सरासरी विविधता टिकते आणि विरळ आवृत्त्या मोठ्या प्रमाणात गळतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या आक्षेपात त्या एक धरल्या गेल्या आहेत.

या गळतीतूनच मूळ ठिकाणाचा माग लागतो, आणि या अभ्यासातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तो आहे. सशांची आघाडी वर्षाला सुमारे १०० किलोमीटर पुढे सरकत होती. परक्या प्रदेशात नेलेल्या सस्तन प्राण्याचा यापेक्षा अधिक वेग नोंदलेला नाही. आघाडीवर नेहमी थोडेच ससे असतात आणि पुढची वस्ती त्या थोड्यांचीच संतती असते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर थोडी विविधता कमी होते, आणि मुळात विरळ असलेली एखादी आवृत्ती केवळ आघाडीवरच्या दोनचार सशांत सापडली म्हणून पुढच्या साऱ्या प्रदेशात बहुसंख्य होऊन बसते. तिच्यात गुण असावा लागतो असे नाही. संशोधकांना बारवन पार्कपासून जसजसे दूर जावे तसतशी विविधता घटलेली आणि अशा आवृत्त्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. इंग्लंडच्या बाजूने शोध घेतला तेव्हा सर्वांत जवळचे नाते नैर्ऋत्य इंग्लंडमधील सशांशी, ऑस्टिन कुटुंबाच्या मुलखाशी, जुळले. कागदोपत्री हकिकत आणि जनुके असे दोन स्वतंत्र साक्षीदार एकाच मुलखाकडे बोट दाखवतात, तेव्हा त्याला मागाहून चिकटवलेले कारण म्हणणे मला पटत नाही.

आता परिस्थिती विरुद्ध जनुके. कुरणे, पाण्याची सोय, शिकारी प्राण्यांचा नाश यांचा वाटा होता, याबद्दल माझे आपल्याशी दुमत नाही आणि त्या संशोधकांनीही तो नाकारलेला नाही. प्रश्न इतकाच आहे की, परिस्थिती अनुकूल होणे हे एकटेच कारण पुरेसे होते का. १७८८ साली ब्रिटिश वसाहत वसवायला आलेल्या पहिल्या आरमाराबरोबर पाच ससे सिडनीला उतरले होते आणि तेथपासून १८५९ पर्यंत ऑस्ट्रेलियात सशांच्या किमान ९० आयाती झाल्याची नोंद आहे. सत्तर वर्षे ससे येत राहिले, काही ठिकाणी टिकलेही, पण खंडभर पसरले नाहीत. आपल्या म्हणण्याप्रमाणे अडसर फक्त परिस्थितीचा असता आणि १८५० च्या दशकाअखेरीस तो दूर झाला असता, तर सिडनी, ॲडलेड, टास्मानिया, जेथे जेथे ससे आधीपासून होते तेथून ते एकाच सुमारास सुटायला हवे होते. आधीच्या वस्त्यांना तर अनेक दशकांची आघाडी होती. मग आजच्या सशांची जनुके ठिगळांच्या गोधडीसारखी, प्रांताप्रांतात वेगळ्या मुळांची दिसली असती. तशी ती दिसत नाहीत. खंडभर एकच मूळ दिसते आणि इतर आयातींचे वंशज मोजक्या ठिकाणी, न पसरता, टिकून राहिलेले आढळतात. परिस्थितीचा सिद्धान्त अनेक उगमांची अपेक्षा करतो, पुरावा एका उगमाचा आहे. आपल्या आक्षेपाची खरी कसोटी येथे लागते, आणि या कसोटीवर तो टिकत नाही असे माझे मत आहे.

ऑस्टिनच्या सशांत वेगळे काय होते? आधीच्या आयाती मुख्यतः पाळीव सशांच्या होत्या; त्या काळच्या वर्तमानपत्रांत त्यांचे माणसाळलेपण, चित्रविचित्र रंग आणि लोंबते कान यांचे उल्लेख येतात. ऑस्टिनच्या सशांत रानटी रक्त होते. दोन्ही एकाच जातीचे असताना इतका फरक कसा पडेल, ही शंका रास्त आहे. मिगेल कार्नेरो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की, ‘पाळीवपणाचे’ असे एखादे जनुक सशात नाही. पाळीव आणि रानटी सशांत असंख्य ठिकाणी आवृत्त्यांचे प्रमाण थोडेथोडे बदललेले आहे, आणि ही ठिकाणे विशेषकरून मेंदू व मज्जासंस्थेच्या जडणघडणीशी संबंधित जनुकांच्या आसपास आहेत. पळावे की थांबावे, हे क्षणात ठरवणाऱ्या स्वभावाची शेकडो वर्षांत झालेली ही झीज आहे. खुराड्यात ती सोयीची असते. उघड्या माळावर घार डोक्यावर असताना ती जीव घेते. रानात परतलेल्या सशांवर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही पाळीवपणाशी निगडित आवृत्त्या निसर्गाने छाटलेल्या आढळल्या.

एक मर्यादा मात्र मोकळेपणाने नोंदवतो. १८५९ च्या सशांची सरशी अमुक जनुकांमुळे झाली, असे कोणी बोट ठेवून दाखवलेले नाही. पुरावा वंशावळीचा आहे आणि रानटी रक्ताचे महत्त्व हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. न्यूझीलंड आणि टास्मानियातही ससे आणल्यानंतर कित्येक दशकांनी त्यांचा उपद्रव सुरू झाला, हे साम्य त्या निष्कर्षाला बळ देते. प्रयोगाची जागा ते घेऊ शकत नाही.

ऑस्टिनविषयी थोडेसेच. ‘थोडेसे ससे सोडले तर फारशी हानी नाही’ असे मानणारा तो काळ होता, आणि १८६१ मध्ये तर व्हिक्टोरियात परदेशी प्राणी-वनस्पती रुजवण्यासाठी रीतसर संस्थाच निघाली. अपराध ठरवणे हा लेखाचा हेतू नव्हता. उगम ठरवणे आणि दोष ठरवणे यांत अंतर आहे. मेलबर्नमधील मराठी वाचकांना परिचित असलेले ऑस्टिन रुग्णालय थॉमसची पत्नी एलिझाबेथ हिच्या देणगीतून १८८२ साली उघडले, हेही सांगायला हवे.

राहिला शेतकऱ्याचा प्रश्न. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात १८०० किलोमीटरहून लांब कुंपण घातले. ते पुरे होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते. १९५० साली सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडला तेव्हा आरंभी बाधित सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मेले. वाटले, प्रश्न मिटला. पण न्यू साउथ वेल्समधील युराना सरोवराकाठच्या रानटी सशांची दरवर्षीच्या साथीनंतर तपासणी होत होती. प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या, तीव्रता न बदललेल्या विषाणूची लागण केली असता मृत्यूचे प्रमाण सात साथींमध्ये ९० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. विषाणूही सौम्य होत गेला, ससेही बदलले. २०१९ साली याच आल्व्हेस-जिगिन्स गटाने ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया येथील संग्रहालयांत जतन केलेल्या, साथीपूर्वीच्या सशांची आजच्या सशांशी तुलना केली. तिन्ही देशांत बऱ्याच अंशी त्याच जनुकांच्या त्याच आवृत्त्या वाढलेल्या आढळल्या. त्यांत विषाणूविरोधी इंटरफेरॉन प्रथिनाचे जनुकही होते. तेव्हा प्रतिकारशक्तीचे बरेचसे भांडवल मूळ मूठभर सशांबरोबरच इंग्लंडहून आलेले असले पाहिजे. तुमच्या संकराच्या आक्षेपाला यापेक्षा ठोस उत्तर मला देता येणार नाही. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एकाच विषाणूवर विसंबणारी योजना आखतानाच तिची धार कधी बोथट होईल याचा विचार करावा लागतो.

दुसरा उपयोग आयातीच्या नियमांचा आहे. ‘हा प्राणी देशात आहेच, मग आणखी चार आले तर काय बिघडते’ हा युक्तिवाद सत्तर वर्षांच्या अनुभवावर आधारलेला, तर्काला धरून आणि तरीही चुकीचा ठरला, कारण आधी आलेले आणि नंतर आलेले यांच्या जनुकांत फरक होता. क्वीन्सलंडमध्ये घरी ससा पाळण्यालाही कायद्याने बंदी आहे आणि आपण तिला सरकारी अतिरेक म्हटले आहे. पाळीव ससा सहसा रानात पसरत नाही, या माझ्याच विधानाचा आधार आपण त्यासाठी घेतला आहे. परंतु ऑस्टिनच्या तेरा सशांतले सात खुराड्यातलेच होते. रानटी रक्ताशी एकदा मिसळल्यावर पाळीव अंशातील नको ते निसर्ग छाटतो आणि उरलेली विविधता वंशाच्या कामी येते. खंडभर रानटी ससे हिंडत असताना पळालेल्या पाळीव सशाला असा जोडीदार मिळणे मुळीच अवघड नाही. त्यामुळे त्या बंदीचे समर्थन मी करतो.