बारीक झाल्या म्हणून टाळ्या, पण ताकदीचं काय?

आज सकाळी सांगलीच्या आमराई बागेत डोकंच फिरलं माझं. वॉकिंग ग्रुपमधल्या एका ताईंनी तीन महिन्यांत आठ किलो उतरवले म्हणून टाळ्या, सेल्फी, कौतुकाचा नुसता पूर. कसं केलं विचारलं तर सकाळी सूप आणि रात्री पपई. वय छप्पन. आणि मी जिमला जाते, वजनं उचलते म्हटल्यावर त्याच बायका मला म्हणतात, "अहो या वयात कशाला, दंड पुरुषांसारखे होतील!" दंड? इथं विशीतली पोरं दूध-अंडी-बदाम रिचवून वर्षानुवर्षं घाम गाळतात तेव्हा कुठं चार बोटं दंड दिसतो, माझे काय होतायत डंबेल उचलून.

अहो काटा फक्त किलो दाखवतो, काय गेलं ते नाही दाखवत. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायू पण जातो, आणि पुन्हा खायला लागलं की चरबी बिनबोभाट परत येते, स्नायू तेवढा येत नाही, तो मेहनत करूनच आणावा लागतो. तसाही तो तिशी-चाळिशीपासून हळूहळू झिजतच असतो, साठीनंतर जास्तच, त्यात पाळी गेली की बायकांची चरबी पोटावर येऊन बसते आणि मग आपण काय करतो, तर भाकरी अर्धी करतो.

2019 च्या पुरात बघितलंय मी हे. आई गावभागात राहायची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटाला धोका म्हणतात, तेव्हा पाणी 57 च्या वर गेलेलं. बोट जिन्याला लागली. आई आयुष्यभर काटकुळी, सगळ्या नातेवाइकांत "बघा कशी मेंटेन आहे" म्हणून उदाहरण द्यायचे तिचं, सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. त्या रबरी बोटीची फुगलेली कड मांडीएवढी उंच. आईनं एक पाय उचलला, पण दुसऱ्या पायाला ती पेलवेचना, नुसता थरथरायला लागला. जिन्याचा गज धरलेला, तो सोडवेना. शेवटी दोन जवानांनी काखेत हात घालून पोतं उचलावं तसं उचललं तिला.

आणि शेजारचे तात्या. तिच्याहून वयानं मोठे, ढेरी सुटलेली, शुगरची गोळी चालू. पण तरुणपणी तालीम केलेली आणि म्हातारपणी पण रोज सकाळी देवघरासमोर बैठका मारायचे, सूनबाई हसायच्या. ते कडेवर हात टेकून एका दमात आत, वर आईची औषधांची पिशवी पण त्यांनीच ओढून घेतली. आता सांगा, वजन कुणाचं जास्त होतं?

चालणं वाईट आहे असं म्हणत नाहीये मी, हार्टला चांगलं असतं, ठीक आहे. पण नुसत्या चालण्यानं जमिनीवरून उठायची ताकद येत नाही, त्याला पायावर, पाठीवर भार घालावाच लागतो. आणि गुडघा, बीपी, किडनी असलं काही असेल त्यांनी आधी डॉक्टरला विचारा, तेवढं कळतं मला.

खाण्याचं तर बोलूच नका. ज्या जिल्ह्यात कवठेपिरानच्या मारुती मानेंसारखा हिंदकेसरी झाला, जिथं पोरगं तालमीत घातलं की घरदार आधी त्याच्या खुराकाची सोय बघतं, तिथंच घरातल्या बाईला प्रोटीन म्हटलं की पावडर आठवते आणि पावडर म्हटलं की किडनी. वय झालं की शरीराला तेवढाच स्नायू टिकवायला उलट जास्त प्रोटीन लागतं, किलोमागे एक ग्रॅम तरी, जमलं तर थोडं वरच. 50 किलोच्या बाईला 50 ग्रॅम झाले. एका अंड्यात 6. वाटीभर वरणात साधारण तेवढंच. आता आपल्या ताटात काय असतं ते ज्याचं त्यानं मोजा. शेंगदाण्याची चटणी चमचाभर खाऊन होत नाही हो ते.

आई त्या बोटीत रडत होती. घर बुडालं म्हणून नाही, परक्या पोरांनी काखेत धरलं म्हणून. मला अजून आठवलं की घशात काहीतरी अडकतं. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं, तिला जे चांगलं म्हणून सांगितलं तेच तिनं निमूट केलं. त्या आठ किलोवाल्या ताईंवर पण माझा राग नाही खरं तर, त्यांची शुगर खाली आलीय म्हणे, चांगलंच आहे. राग त्या डाएट चार्ट विकणाऱ्यांवर आहे, ज्यांच्या चार्टमध्ये एकदा पण "खुर्चीवरून हात न टेकता उठून बघा" असं लिहिलेलं नसतं.

आई आता माझ्याकडं असते, विश्रामबागला. खुर्चीवरून उठ-बस करते, भिंतीला हात लावून टाचा उचलते, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलते आणि मला शिव्या देते. वय झाल्यावर पण स्नायू वाढतो, रोज डोळ्यासमोर बघतेय, पहिल्यांदा उठताना दोन्ही हात लागायचे, आता एक लागतो. पण माझं ती ऐकत नाही, लेकीचं कोण ऐकतंय. घरी येऊन म्हाताऱ्या माणसांना नीट व्यायाम शिकवणारी एखादी फिजिओ मुलगी कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेंजरवर सांगा. सकाळी दहानंतर, पूजा आटोपल्यावर. प्रोटीन शेक विकणाऱ्यांनी मेसेज करू नये.